काजूच्या खोलीची किल्ली

मी, हर्षा गोकुळदास गावस, वय एकतीस, अविवाहित, राहणार लाटंबार्से, तालुका डिचोली, गोवा, व्यवसाय औषध कारखान्यात उपकरण तंत्रज्ञ, हे लिहिते तेव्हा माझी बुद्धी ठिकाणावर आहे. आज सकाळी रक्तदाब ११८/७६ होता. लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचा दबाव नाही. जो होता तो आईचा, आणि तो लिहू नये यासाठी होता. "आदी पेज जेव," ती म्हणाली. "मरूचा मागीर बघूया." पेज जेवून लिहायला बसले आहे.

कारण असे की येत्या अठरा तारखेला माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरांनी धोका शंभरात दोन सांगितला. शंभरात दोनची चूक दाखवणारे उपकरण मी कारखान्यात बाद करते, म्हणून हा कागद.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर केले तर हे रद्द समजावे.

कलम १. गोव्याच्या वारसा कायद्याप्रमाणे मला माझ्या अर्ध्याच मिळकतीची मनाप्रमाणे व्यवस्था लावता येते. उरलेला अर्धा माझी आई, श्रीमती प्रभावती गोकुळदास गावस, हिचा आहे, मी दिला तरी आणि न दिला तरी. बँकेतील ठेवी, भविष्य निर्वाह निधी आणि सोने तिला द्यावे. हे अर्ध्याहून जास्त भरते. मूल्यांकन सोबत जोडले आहे. सोन्याच्या दोन बांगड्या तिने माझ्या लग्नासाठी करून ठेवल्या होत्या. त्या तिने स्वतः घालाव्यात. लग्नाविषयी मला काय वाटते, हा एकच प्रश्न मी गावात कोणाला विचारू दिला नाही आणि आता उत्तर देणार नाही.

कलम २. माझी स्कूटर भाऊ गौरेश याला. पुढचा ब्रेक डावीकडे ओढतो. त्याला हे तीनदा सांगितले आहे, येथे चौथ्यांदा नोंदवते.

कलम ३. माझी स्वतःची उपकरणे, म्हणजे मल्टिमीटर, दोन थर्मामीटर आणि पान्यांचा संच, कारखान्यातील सहकारी सुविधा शेट्ये हिला. ती वस्तू जागेवर ठेवते.

कलम ४. माझे एक किलोचे प्रमाणित वजन, लाकडी पेटीसह, आमच्या घरासमोरचे दुकानदार श्री. बाबली मळीक यांना. याचे कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर ते याला टोमणा समजतील. मी रविवारी मुलांचा वर्ग घेते (कलम ५), त्यातील एका मुलीने त्यांना विचारले होते, "बाबलीमामा, तुमच्या तराजूखाली कागदाची घडी कित्याक?" कारण त्यांनाही चटकन आठवले नाही. तराजू डुगडुगायचा म्हणून कधीतरी ठेवलेली. मी वजन नेऊन तपासले. ते दर किलोमागे तीस ग्रॅम जास्त देत होते. त्यांनी आभार मानले नाहीत. "सात वर्सां मी तीस ग्रॅम फुकट देतंय, आणि तुमी माका आता सांगतात?" असे म्हणून त्यांनी पोरांचा त्रास होतो अशी पंचायतीत तक्रार केली. त्या मुलीने यावर दोन पाने लिहिली. त्याआधी वर्षभर तिने तीन ओळींच्या पुढे काही लिहिले नव्हते. तेव्हा हे वजन त्यांना देणे लागते असे मी मानते.

कलम ५. या वर्गाविषयी. वडिलांनी काजू साठवण्यासाठी बांधलेली खोली २०२१ च्या वाटणीत माझ्या वाट्याला आली. वर्ग मात्र २०१७ पासून तेथे भरतो, रविवारी सकाळी नऊ ते अकरा. ज्या मुलांना लिहायला सुचत नाही त्यांच्यासाठी तो आहे. ज्यांना सुचते त्यांना मी घेत नाही.

मलाही सुचत नसे. सहावीत आमच्या मास्तरांनी "माझा आवडता ऋतू" हा निबंध फळ्यावर लिहून दिला आणि पाठ करून आणायला सांगितला. मी विचारले, "सर, मला कुठलाच ऋतू आवडत नसेल तर?" तास संपेपर्यंत उभी होते. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. त्यांच्यासाठी काही ठेवलेले नाही आणि त्यांना हे कळवूही नये.

कलम ६. वर्ग पुढे कोणी चालवला तर पद्धत अशी आहे.

मुलाला विषय द्यायचा नाही. त्याने घरातून एक वस्तू आणायची. कुलूप, बसचे तिकीट, झाडाचे आंबट बिंबल, काहीही चालते. त्या वस्तूला दहा प्रश्न विचारून वहीत लिहायचे, उत्तर एकाचेही लिहायचे नाही. पहिले चार प्रश्न सगळ्यांचे सारखेच येतात: कशाची आहे, केव्हा आणली, कोणी आणली, कशाला लागते. पाचव्या-सहाव्यापाशी मूल छताकडे बघू लागते. तेव्हा आपण गप्प राहायचे. हे सर्वांत कठीण आहे. सातव्यानंतर जे येतात ते त्याचे स्वतःचे असतात. मग ज्यांची उत्तरे ठाऊक आहेत ते बाजूला ठेवायचे आणि उरलेल्यांतला एक घेऊन कोणा जिवंत माणसाला जाऊन विचारायचा. परत आल्यावर लिहायचे. "माका कायच सुचना" म्हणणारे मूल विचारून परत आले की त्याला बसायलाही वेळ नसतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

आठ वर्षांच्या वह्या कपाटात आहेत. काही प्रश्न: काजूची बी फळाच्या बाहेर कोणी लावली? पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकून कुत्रा शेपटी हलवतो, मग टपालवाल्यावर का भुंकतो? सुर्ल्याच्या खाणीवरच्या ट्रकांच्या धुळीने रस्त्यावरचा आंबा लाल होतो, तो झाडाला पिकला असे वाटते का?

प्रश्न सुधारायचा नाही. आमच्या कामात उपकरण हातात आले की आधी ते जसे सापडले तसे वाचन नोंदवतात, मग दुरुस्ती करतात आणि सोडतानाचे वाचन वेगळे लिहितात. पहिली नोंद नसेल तर उपकरण किती चुकत होते, की चुकतच नव्हते, हे कधीच कळत नाही. मुलांच्या प्रश्नांना हाच नियम.

कलम ७. हा नियम मी एकदा मोडला.

२०१८ मध्ये सोनम केरबा रेडेकर ही अकरा वर्षांची मुलगी वर्गात येत असे. तिचे वडील केरबा गवंडी, मूळचे आजऱ्याकडचे. तेव्हा ते कुटुंब गावातल्या कामगारांच्या खोल्यांत राहत असे. पाच रविवार तिने वही उघडली नाही. "मला काय बी सुचत न्हाई, ताई." सहाव्या रविवारी वडिलांचा ओळंबा घेऊन आली. दोरीला टांगलेले ते पितळी वजन तिने अर्धा तास हातात धरून ठेवले आणि दहा प्रश्न लिहिले. नववा वाचून मी खुर्चीवरून उठले होते, एवढे आठवते.

त्या महिन्यात पेडण्याला निबंध स्पर्धा होती. मला वाटले, परीक्षकांना तो प्रश्न कळणार नाही. मी तो तिला रबराने खोडायला लावला आणि त्या जागी लिहून दिला: "गवंड्याच्या कष्टांची जाणीव समाजाला आहे काय?" निबंध त्यावर झाला. दुसरे बक्षीस मिळाले आणि समारंभात तिने तो वाचून दाखवला. केरबा अर्धा दिवस खाडा करून ऐकायला आले होते. कार्यक्रम संपल्यावर ते लेकीला म्हणाले, "लई मोठ्या मानसावानी बोललीस." ती म्हणाली, "मी न्हाई बोलले." पुढच्या रविवारी ती आली नाही. नंतरही आली नाही. वर्षभरात ते पेडण्याला राहायला गेले.

खोडलेला प्रश्न मला आठवत नाही. त्यात घर होते आणि शेवटी "कुणाचं" असे काहीतरी होते. पान उजेडात तिरके धरून पाहिले आहे. कागद घासला गेला आहे. माझ्या नोंदींत ही एकच जागा अशी आहे की जिथे आधीचे वाचन नाही.

कलम ८. हे कलम मी बदलले आहे. कलम सहाच्या नियमाप्रमाणे दोन्ही रूपे देते.

सापडले तसे: "माझ्यामागे वर्ग बंद करावा. वह्या ज्यांच्या त्यांना परत द्याव्यात. खोली गौरेशला द्यावी." गौरेशचे म्हणणे पहिल्यापासून आहे, "खोली भाड्याक घाल, पोरांक शाळा आसा मगे." त्याचे गणित चुकीचे नाही. गेल्या पावसाळ्याआधी त्या खोलीची कौले त्यानेच मला न सांगता चाळून दिली, हेही नोंदवते.

या मसुद्यात दुसरी साक्षीदार म्हणून मी सोनमचे नाव घातले होते. ती आता अठरा वर्षांची आहे आणि आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचे काम शिकते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, म्हणजे तिला माझ्याकडून काही घ्यावे लागणार नाही, म्हणून ती नाही म्हणणार नाही असा माझा हिशेब होता. तिला बोलावण्याची दुसरी रीत मला सुचली नाही.

ती परवा, रविवारी, बसने आली. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, हे मी तिला सांगितले.

"न वाचता सही करू?" ती म्हणाली. "ह्येच शिकिवलंसा व्हय?"

मग कपाटाला टेकून उभ्यानेच तिने सगळे वाचले. बाबलीमामांच्या कलमाला हसली. सातव्यापाशी थांबली.

"तुम्ही इसरलासा?"

मी हो म्हटले.

"मी न्हाई इसरले."

मी पेन उघडले. तिने सांगितला तो प्रश्न तिच्याच शब्दांत येथे उतरवते. हा मजकूर नोंदवताना कोणीही शुद्ध करू नये:

"बाबा बांधत असतोय तवर ते घर कुणाचं असतंय?"

उत्तर मला तेव्हाही येत नव्हते. त्या वेळी मी तिला हे सांगितले असते तर पुरले असते. हे मी तिला परवा सांगितले. ती म्हणाली, "मग बाबाला इचारायचं होतं की. मी इचारलं नंतर. घरला गेल्यावर."

"काय म्हणाले?"

"ते तुमच्या कागदात न्हाई घालायचं."

नाही घालत.

मग तिने मसुद्यावर बोट ठेवले. "वर्ग बंद करावा, हे कुणाला इचारून लिवलंसा?"

कोणालाच विचारले नव्हते.

सोडले तसे: काजूची खोली, आतील कपाट, बाके आणि वह्या मी सोनम केरबा रेडेकर हिला देत आहे. वर्ग चालवण्याची अट घातलेली नाही. अट घालू का, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "यीन असं म्हनत न्हाई. पर किल्ली कुठं असती?" किल्ली खिडकीच्या आतल्या बाजूला खिळ्याला असते. गौरेशने हरकत घेऊ नये. त्याच्याशी मी काल बोलले. "आता काय करतलंस तां कर," असे तो म्हणाला. माझ्या मते ही संमती आहे.

कलम ९. जाताना दारातून वळून तिने विचारले, "आनि तुम्ही वाचलासा तर?"

मृत्युपत्रात या प्रश्नाला जागा नसते. मी वाचले तर वरील सर्व कलमे थांबतात, खोली माझी राहते आणि सोनमला काही मिळत नाही. शंभरात अठ्ठ्याण्णव शक्यता हीच आहे आणि मी तिची तरतूद केली नव्हती. म्हणून मृत्युपत्राचा भाग म्हणून नव्हे, केवळ माहितीसाठी लिहिते: दुसरी किल्ली मी काल डिचोलीला करून घेतली आणि सोनमला पोचवली आहे. येत्या रविवारी मी इस्पितळात दाखल असेन. वर्गाला अकरा मुले येतील. त्यांना वस्तू आणायला सांगितलेले आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे. नोटरींसमोर सही करत आहे.

सही: हर्षा गोकुळदास गावस
स्थळ: डिचोली
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

साक्षीदार १: अर्चना देसाई, शेजारीण, लाटंबार्से. (सही)

साक्षीदार २: येथे सोनम केरबा रेडेकर हे नाव होते. कलम ८ मुळे तिला सही करता येत नाही. श्री. बाबली मळीक यांना विचारले. साक्षीदार झाल्यास वजन मिळणार नाही हे कळल्यावर ते म्हणाले, "मगे सही दुसऱ्याकडे माग, बाय. वजन माका होया." म्हणून दीपक परब, कारखान्यातील सहकारी. (सही)