डावा कान

ता. ४ जून

चि. भिंगरी यास,

अ. उ. आ. हा आशीर्वाद सवयीने लिहिला आहे, अजून दिलेला नाही. तुझं उत्तर वाचून ठरवीन.

तुमच्या व्हिडिओ गेमच्या टीमच्या घरात मोसम सुरू झाला की फोन कुलपात ठेवतात, म्हणून ही पत्रापत्री. बरंच आहे एका अर्थी. फोनवर मी नुसती ओरडले असते आणि तू हं हं करून ठेवून दिला असतास.

काल दुपारी वर्कशॉपवर सहा जण आले. तुझं नाव छापलेला शर्ट त्यांनी दारातच पेटवला. मी एका गेटची चौकट जोडत होते, डोळ्यांवर काळी काच, त्यामुळे आधी काही कळलंच नाही. मग एकाने बाटली फेकली ती लेथवर काम करणाऱ्या मामाच्या कपाळावर फुटली. मामा बिचारा रक्ताचा हात बघत उभा राहिला. माझं मात्र डोकं फिरलं. हाताशी पाइपचा तुकडा होता. एकाचे पुढचे दोन दात आपल्या फरशीवर राहिले, दुसऱ्याचं मनगट कडकन मोडलं, उरलेले पायाला पाय लावून पळाले. मामाला पाच टाके पडलेत. दात मी केरात टाकले.

पळता पळता ते ओरडत होते की तू विकला गेलास, मोसमाच्या मध्यावर टीम बदलायची मुभा मिळते तेव्हा तू पांढऱ्या शर्टवाल्यांकडे चाललास. तेच ना, ज्यांना तू आणि ढाण्या दोन वर्षं शिव्या घालत आलात? मग ढाण्याचं काय? तो तुझा मामेभाऊ आणि कॅप्टन, हे जगाला माहीत आहे. त्याला डाव्या कानाने ठार ऐकू येत नाही, हे मात्र तो, तू आणि मी, तिघांनाच. त्याच्या बापाला, आपल्या मामालाही नाही. गेम पार्लरमध्ये हरलेली ती टोळी सळई घेऊन तुझ्यावर धावली होती आणि याने मध्ये पडून ती कानावर घेतली, विसरलास? तुमच्या खेळात शत्रूचं पाऊल कुठून वाजतं त्यावर जगणं-मरणं असतं, हे तूच मला समजावलंस. म्हणून तर तू कायम त्याच्या डावीकडच्या खुर्चीत बसतोस आणि खेळात त्या बाजूने कोणी आलं की त्याला कोपर मारून सांगतोस. तू उठलास की तो अर्धा. आणि हे टीमच्या मालकाला कळलं तर अर्धाही ठेवणार नाहीत, हाकलतील.

खरं काय ते लिही. गुळमुळीत नको. लोभ आहे तेवढा आहे, वाढायचं की आटायचं ते तुझ्या उत्तरावर.

तुझी ताई

ता. ११ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. खरं आहे. सही केली.

मामाच्या कपाळाचं वाचलं आणि ताट बाजूला सारलं. त्याच्या पायावर डोकं ठेवलंय असं सांग. किती पैसे ते लिहीत नाही, तू म्हणशील थापा मारतोय. मला काही सबब नाही, ताई. घरात कोणी आजारी नाही, कोणी अडलेलं नाही. मला ते पैसे हवे होते, बस्स. मी तेवीसचा आहे. पंचविशीनंतर बोटं मंदावतात आणि मग आम्हाला कुत्रंही विचारत नाही.

मला वाटलं ढाण्या शिव्या देईल. त्याने शांतपणे हेडफोन काढला, माझा स्क्रीन उचलला आणि भिंतीवर आपटला. मग माझं मुंडकं धरून बेसिनमध्ये घातलं आणि नळ सोडला. तिघांनी त्याला ओढून काढेपर्यंत माझ्या नाकातोंडात पाणी गेलं होतं आणि कडेला आपटून भुवई फाटली होती. मीही काही पूजा करत बसलो नाही. त्याच्या दंडाला असा चावलो की तोंडात रक्ताची चव आली. एवढं होऊन तो एकच गोष्ट बोलला. त्याने विचारलं की माझा डावा कान कितीला विकलास.

तो मी विकलेला नाही. नव्या कोचने दोनदा खोदून विचारलं की ढाण्याचं काही कच्चं आहे का. मी सांगितलं, डोकं. आईची शपथ घेऊन तुला सांगतो, त्याच्यासमोर खेळायची वेळ आली तर मी त्याच्या डावीकडून कधीच जाणार नाही. मग हरलो तरी चालेल. हे त्याला मात्र सांगू नकोस. त्याला कुणी दया दाखवलेली खपत नाही, तो म्हणेल भीक घालतोय.

चुकलो असेन, पण तुझाच आहे. रागाच्या खाली थोडी माया शिल्लक असू दे.

तुझा भिंगरी

ता. २ जुलै

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. या वेळी ढाण्या लिहितोय. तू दात पाडलेस हे ऐकून महिन्याभरात पहिल्यांदा हसलो. बाबांचे टाके निघाले का?

इकडे माझे हाल कुत्रा खाईना. डावीकडे नवा खेळाडू बसतो, चांगला आहे, पण त्याला काय सांगू? सांगितलं तर संध्याकाळपर्यंत मालकाच्या टेबलावर. तीन सामन्यांत सात वेळा डावीकडून मेलो. मागच्या आठवड्यात बाहेर पडताना एका प्रेक्षकाने विचारलं की कॅप्टन, बहिरा झालास का. सहजच म्हणाला असणार. मी त्याचं नाक फोडलं. दंड भरला, दोन सामने बाहेर बसलो, आणि खरं सांगू, बरं वाटलं.

सव्वीस तारखेला अंतिम सामना आहे, पांढऱ्या शर्टवाल्यांशीच. तुझा भाऊ डावीकडूनच येणार. मी ओळखून आहे त्याला, कारण समोरच्याचं जिथे दुखतं तिथेच मारायचं हे मीच त्याला शिकवलंय. म्हणून मी ठरवलंय की एकटा पडलो तर डावीकडे डोळे रोवून बसायचं. येऊ दे भडव्याला. खेळात एकदा मारीन आणि मंचावरून खाली उतरल्यावर दुसऱ्यांदा.

तुझ्यावर राग नाही. तू त्याची सख्खी आहेस तरी माझी ताई राहा, एवढंच मागणं.

तुझा ढाण्या

ता. १० जुलै

चि. ढाण्या यास,

अ. उ. आ. तोंड सांभाळून लिहीत जा, भडवा वगैरे मामाने वाचलं असतं म्हणजे? टाके निघाले. कपाळावर खूण राहिली आहे आणि गिऱ्हाइकांना तो ती कौतुकाने दाखवतो.

आता नीट वाच. भिंगरीने मला आईची शपथ घेऊन लिहिलंय की तुझ्या डावीकडून तो कधीच येणार नाही. तुला सांगू नकोस असंही बजावलंय. मी सांगते आहे. चार दिवस डोकं पोखरून घेतलं, शेवटी वाटलं की त्याला कप मिळाला नाही तर त्याचा पगार थांबत नाही, पण तू हरलास तर तुला दारातून बाहेर काढतील. म्हणून लिहिते. डावीकडे डोळे रोवू नकोस. तो उजवीकडून येईल.

मी कुणाची बहीण आहे असं आता विचारू नकोस, मलाच ठाऊक नाही. जिंकलास तर त्याला कळू देऊ नकोस की मी फितूर झाले. हाणामारी तर अजिबात नको. ती मी करते, घरात एकाने केलेली पुरे.

माया आहे, ती उगाच खर्चायला लावू नकोस.

तुझी ताई

ता. २९ जुलै

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. अक्षर माझं नाही, इथल्या नर्सबाईंचं आहे. मी सांगतो, त्या लिहितात. घाबरू नकोस. बाई म्हणतात की हे वाक्य सगळेच घालतात आणि घरचे तरी घाबरतातच.

कप आम्ही जिंकलो. शेवटच्या फेरीत दोन्हीकडचे चार-चार गेले, उरलो मी आणि ढाण्या. तो खेळातल्या एका गोदामात होता. त्या गोदामाला दोनच दारं, त्याच्या डावीकडे एक, उजवीकडे एक. कोच कानात बोंबलत होता की डावीकडून जा, ते जवळ आहे. मी लांबचा वळसा घालून उजव्या दाराने गेलो. आणि चोरपावलांनी नाही, धाडधाड पावलं वाजवत गेलो, म्हणजे त्याला ऐकू जावं. तो माझ्याकडे पाठ करून डाव्या दाराकडे बघत बसलेला. मला वाटलं आता वळेल. वळलाच नाही. मी एक श्वासभर थांबलोही. मग गोळी घातली, ताई. समोर पाच हजार माणसं उभी होती, न घालून काय करतो?

नंतर हरलेली टीम ओळीने येऊन हात मिळवते तशी आली. ढाण्याने माझा उजवा हात धरला तो सोडलाच नाही. कप ठेवला होता त्या टेबलावर त्याने माझा पंजा आडवा दाबला आणि दुसऱ्या हाताने कप उचलून त्याचं लोखंडी बूड घातलं. तीन वेळा. पहिल्यालाच मी ओरडलो, तिसऱ्याला आवाजच फुटेना. हाड मोडताना भिजलेली काठी मोडावी तसा आवाज येतो. मारताना तो रडत होता. ओरडत होता की मी कुठे बघणार ते तुला ठाऊक होतं, म्हणून तू दुसरीकडून आलास, माझी चेष्टा केलीस. दोन बोटं कापली. तिसरं राहतं का ते सोमवारी सांगतील. खेळणं संपलं.

पोलीस आले होते. मी जबाब दिला की कप हातातून सटकला. त्यांनी मला चित्रफीत दाखवली. मी म्हटलं, चित्रफीत चुकली असेल. साहेब माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत होते, पण मीच तक्रार करत नाही म्हटल्यावर त्याला फार दिवस डांबता येणार नाही म्हणाले.

मला त्याचा राग येत नाही असं नाही, पंजा ठणकला की त्याचा गळा आवळावासा वाटतो. पण मग मी विचार करतो, त्याला माझी शपथ कुठे ठाऊक होती? ठाऊक असती तर त्याने हात उगारलाच नसता, हे मी डोळे मिटून सांगतो. तेवढं एक आहे म्हणून झोप लागते. तुला सांगू नकोस म्हटलं ते माझंच चुकलं.

ये लवकर. येताना रागावून ये म्हणजे ओळखीचं वाटेल.

तुझा भिंगरी

ता. ३ ऑगस्ट

ती. ताईस,

शि. सा. न. कोठडीत कागद मागून घेतला आहे.

तुझं पत्र मला सोळा तारखेलाच मिळालं होतं. सामन्याच्या वेळी ते माझ्या खिशात होतं. मी ते दहा वेळा वाचलं आणि दहाही वेळा म्हटलं की त्याने तुला गंडवून हे लिहून घेतलंय, मी उजवीकडे बघावं आणि त्याने डावीकडून यावं म्हणून. शेवटी तर उजवीकडे त्याचं पाऊल वाजलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, ताई. माझा चांगला कान आहे तो. मी म्हटलं, ही हूल आहे. वळलो नाही.

मग हात मिळवायला गेलो तर तो म्हणाला की ढाण्या, मी पावलं वाजवत आलो होतो. मला वाटलं खिजवतोय. पुढचं तुला माहीत आहे.

इथे परवा एकाने मला मारलं, मी प्रतिकार केला नाही. पोलीस डॉक्टरने कान तपासला, आता मालकाला कळेल. कळू दे. मी भिंगरीला सगळं सांगणार आहे की मला ठाऊक होतं, तूच कळवलं होतंस, तरी मी विश्वास ठेवला नाही. त्याने माझं काय करायचं ते करावं.

आशीर्वाद मागायला तोंड नाही.

ढाण्या

ता. ८ ऑगस्ट

ढाण्या,

चिरंजीव लिहायला हात धजत नाही, तरी जिवंत राहा.

त्याची पट्टी सोडताना मी बघितलं. तिसरं बोटही गेलं. मी दवाखान्याच्या मोरीत जाऊन तोंड धुतलं, मग बाहेर येऊन त्याला बजावलं की आता तरी घरचा पाना धरायला शीक. तो हसला. मामा त्याच्या उशाशी बसून असतो. तुझ्या कानाचं मामाला कळलंय. दोघांसाठी मिळून एकदाच रडला, आणि नंतर त्याने विचारलं की ढाण्या कधी सुटतोय.

तू आठवड्याभरात सुटशील, भिंगरीच्या जबाबामुळे. आणि तो जबाब त्याने का दिला ते ऐक. तुला शपथ ठाऊक नव्हती, एवढ्या एका गोष्टीवर तो तगून आहे. बोटं गेली, खेळ गेला, पण तू त्याच्यावर अविश्वास दाखवला नाहीस, तुला फक्त माहीत नव्हतं, असं धरून तो झोपतो. आणि तू निघालास खरं सांगून मोकळं व्हायला! मोकळा तू होशील, त्याचं काय? तीन बोटं घेतलीस ती थोडी झाली का?

माझं ते पत्र तुझ्या सामानात पोलिसांकडे असेल. हातात येताच फाड, हेही फाड. मग सरळ दवाखान्यात जा. तो तुला विचारेलच. तू म्हणायचं की ठाऊक नव्हतं. त्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचं आणि मरेपर्यंत तेच म्हणायचं. मीही तेच म्हणणार आहे. त्याला कप मिळू नये म्हणून मीच तुला फितूर झाले होते, तेव्हा या खोट्यात निम्मा वाटा माझा. कधी तुझ्या तोंडून खरं निसटलं, तर पाइपचा तुकडा अजून वर्कशॉपच्या दाराशीच आहे, आणि या वेळी मी दातांवर थांबणार नाही.

लोभ मागू नकोस. तुझ्या वाट्याचा त्याच्याकडे आहे, जाऊन घे.

तुम्हा दोघांची,
ताई