तुझा चेहरा काढण्याआधी

प्रिय ताई,

काल हडपसरहून आपला भाचा संजय आला होता. भिंतीवर लावायला तुझा फोटो हवा म्हणाला. कपाट उपसलं, तर पेन्शनच्या कागदांवर चिकटवलेला एकच निघाला. त्यात तू पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसतेस. मग तो म्हणाला, "मावशी, तुम्हीच काढा की ताईमावशीचं चित्र. एवढी वर्षं शिकलात." बघते म्हणाले. आज सकाळपासून कोरा कॅनव्हास समोर आहे आणि हात उचलवत नाही. म्हणून आधी हे पत्र.

एवढी वर्षं म्हणजे चार. माझे हे गेले आणि मी तुझ्याकडे बिबवेवाडीला राहायला आले. शाळेत जन्मभर चित्रकला शिकवलेली तू, तुला विद्यार्थी हवाच होता. मला नुसतं पडून राहायचं होतं. साठीत कसले तैलरंग? पण तू ऐकतेस होय!

नक्कल करायला तू पुस्तकातून पुढ्यात ठेवलंस एका जुन्या डच चित्रकाराने म्हातारपणी काढलेलं स्वतःचंच चित्र. बटाट्यासारखं नाक, सुजलेल्या पापण्या. जरा बरा माणूस नव्हता का, असं मी विचारलं. तू म्हणालीस, बरी माणसं सगळेच काढतात.

पहिले कितीतरी दिवस नुसता तपकिरी रंग, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला. सावली पातळ, उजेड जाड. पावसाळ्यात तर रंग वाळता वाळेना. पहिली नक्कल तू खरवडून टाकलीस, दुसरी मी. तिसरीत कपाळावरचा उजेड जमला, तेव्हा तू उठून चहा टाकलास. पुण्यात याहून जास्त कौतुक कुठे मिळतं?

त्याच सुमाराला तुझे डोळे गेले. पडदा खराब झालाय, कडेचं दिसेल, मधलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे तुला चित्राची चौकट दिसायची, चेहरा नाही. माझाही नाही. कुणाला बघायचं असलं की तू मान वळवून तिरपं बघायचीस.

तरी शिकवणं थांबलं नाही. माझ्यामागे खुर्ची टाकून बसायचीस. डोळ्याखाली कुठला रंग लावलास? चित्रातला तो कुठे बघतोय? मी सांगायची, माझ्याकडे. मग तू म्हणायचीस, नजर चुकली आहे, पुन्हा कर. तुझी औषधं, आंघोळ, दवाखान्यासाठी दोन जिने उतरवणं, चढवणं. थकले होते गं मी. त्या दुपारी तू चौथ्यांदा तेच म्हणालीस आणि मी कुंचला आपटला.

"तुला दिसतंय तरी का?"

तू मान तिरपी केली नाहीस. माझ्याकडे सरळ पाहिलंस. म्हणजे, मी दिसू नये म्हणून.

"नाही," म्हणालीस, आणि भिंतीला हात लावत आत गेलीस.

नंतरच्या चार महिन्यांत चित्राबद्दल चकार शब्द काढला नाहीस. एरवी चहात साखर जास्त पडली तरी टोमणा मारणारी तू, तेव्हाच कशी गप्प बसलीस? आणि मी? आज माफी मागू, उद्या मागू करत राहिले. मग तू गेलीस.

तुझं तेरावं झाल्यावर ते पुस्तकातलं चित्र पुन्हा उघडलं. खूप वेळ पाहिल्यावर कळलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता, ताई. आरशात बघत होता, स्वतःकडे. नजर खरंच चुकली होती. तुला ते माझ्या बोलण्यावरून कळलं होतं, मला दोन धड डोळे असून नाही.

संजयला तुझा हसरा चेहरा हवाय. तो मला काढता येणार नाही. मी त्या दुपारचा काढणार आहे, तू सरळ बघितलंस तो. भिंतीवर लावायचा की नाही, त्याचं तो ठरवू दे. पाठ धरते, कदाचित वर्ष लागेल. पण पुरा होईपर्यंत रोज त्या नजरेसमोर बसेन. उठून जाणार नाही.

तुझी,
शकू