रेघेच्या अलीकडे

३ जानेवारी
ह्यांचे बूट काढले. पुढे चिंधी कोंबली की मला होतात. लेकीला दिसत नाही. शर्यतीत मनगटाला दोरी बांधून कुणा डोळसाला तिच्याबरोबर पळावं लागतं. आधी हे पळायचे. ते गेल्याला चौदा महिने झाले.

१९ जानेवारी
दिवसभर इस्पितळाच्या चादरींना इस्त्री, मग मैदान. पोटऱ्या दगड झाल्यात. शेजारीण म्हणाली, "आंधळीला पळवून कुठे पोचवणार आहात?" लेक दारातूनच — "मावशी, तुम्हाला तर दिसतं. तुम्ही कुठे पोचलात?"
हसले. किती दिवसांनी.

२ फेब्रुवारी
नियमांची पुस्तिका बोट ठेवून वाचली. अक्षरं मी चादरींवरच्या शिक्क्यांवरून शिकले, बारीक छापलेलं अजून अडतं. "सोबत्याने रेघ खेळाडूच्या आधी ओलांडू नये." तीनदा वाचलं. पहिल्या तिघींना क्रीडा वसतिगृहात जागा — शिक्षण, जेवण, पगारी सोबती. अट एकच, वय विसाच्या आत. हिची एकोणीस सरत आली. म्हणजे हाच डाव.
मैदानावर शिकवणारे सर म्हणाले, "बाई, तिला ओढू नका. पाय तिचेच चालू द्या."

१६ फेब्रुवारी
शर्यतीत लेक दुसरी येत होती. बाद केलं.
रेघेवर माझा पाय आधी पडला. जन्मभराची सवय — खड्डा असो, पायरी असो, आधी मी पाय टाकून बघायचा, मग ती. तिथेही तेच झालं असणार. हातातोंडाशी आलेला घास मीच पाडला. पंच म्हणाले, "नियम तो नियम." ती म्हणाली, "चल आई, भूक लागलीय."

१७ फेब्रुवारी
कामावर एक चादर जाळली.

२१ फेब्रुवारी
ह्यांचा पाय कधी पुढे पडला नाही. बूट तेच होते.

२२ फेब्रुवारी
दोरी कचऱ्यात टाकत होते. डब्याचं झाकण वाजलं तशी ती आली. म्हणाली, "दोरी ठेव. तुझा पाय नाही चुकला. सर ओरडले, 'आलीस, आलीस!' — तेव्हा रेघेच्या अलीकडे मीच थांबले."
"का गं?"
"मी वसतिगृहात गेल्यावर तू कुणाशी बोलली असतीस? बाबा गेल्यापासून भिंतीशी बोलतेस. मला ऐकू येतं."

२३ फेब्रुवारी
चूक माझी नव्हती. असती तर बरं झालं असतं.