नितेशला खोली हवी

वरची वाडी, मालगुंडजवळ
ता. २ एप्रिल २०२५

अनिलभावजी यांस मालनचा नमस्कार.

इकडे सगळी ठीक. तुम्ही, लीला आणि संस्कृती ठीक असाल. शिमग्यापासून तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहायला बसले. चौथीनंतर एवढं कधी लिहिलं नाही. अक्षर लागलं नाही तर संस्कृतीकडून वाचून घ्या. तिनेही वाचलेलं बरं.

यंदा आंब्याचा मोहोर तुडतुड्याच्या किडीने मारला. तुमच्या वाटणीच्या कलमांनाही फळ कमीच. फवारणी आता गडी करतो, औषध आम्ही घरात ठेवत नाही. नितेश बरा आहे. पेज पचते. घसा अजून दुखतो.

गावात तुम्ही सांगितलंत, पोराला सुरमई बाधली. दवाखान्याच्या दारातच मला म्हणालात, "वैनी, तोंड आवरा, संस्कृतीचं जमत आलंय." आवरलं. बायका मला विचारायच्या, कुठल्या कोळणीची सुरमई? त्या बिचारीची विक्री बसली तुमच्या थापेपायी.

तुम्ही दुसऱ्या दिवशी मुंबईला गेलात. पुढचं सांगते. डॉक्टर मला म्हणाले, "विचारा त्याला, जीव का नकोसा झाला?" कसं विचारू? आमच्या घरात जेव, झोप, गुरं आण, बाजारात जा, एवढ्याच खुणा. बहिऱ्यांच्या शाळेतल्या खुणा त्याला येतात, मला येत नाहीत. मी आपले हात हलवले. तो माझ्याकडे बघून हसला आणि काही नाही म्हणून मान हलवली. डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं.

मग चिपळूणच्या नीरजाबाईंचा पत्ता लागला. बहिऱ्यांच्या मनाचं बघतात. त्यांचे आईबाप बहिरे, त्यामुळे हात जिभेसारखे चालतात. म्हणाल्या, महिन्यातून एक रविवार येते, आसपासची बहिरी पोरं जमवा, दार लागेल अशी एक खोली द्या. समाजमंदिराची किल्ली सांभाळणाऱ्या केरूकडे मी तिथली खोली मागितली. तर म्हणतो, "बहिऱ्यांना दार कशाला लावायला हवं? ते काय मोठ्याने बोलणार आहेत?" तिथे बसलेले सगळे हसले. वर म्हणाला, मंडळाच्या अध्यक्षांना विचारतो. अध्यक्ष तुम्ही. तुम्ही नाही म्हणालात.

माझं तोंड फाटकं म्हणता ना? ते चुलीपुढे. चार माणसं बघायला लागली की माझी जीभ टाळूला चिकटते. बचत गटात मी स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं, शेजारणीने सांगितलं. तरी शिमग्याला पालखी आमच्या खळ्यात आली, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, तुम्ही सगळे सवयीने "होय महाराजा" करत होतात. मी ओटीचं सूप घेऊन उभी. चार माणसं कुठली, सगळी वाडी बघत होती. तरी बोलले.

"म्हाराजा, माझ्या पोराला मासा बाधला नाही. तो फवारणीचं औषध प्याला. त्याच्याशी बोलेल असं माणूस या गावात नाही, त्याची आईसुद्धा नाही. अशा पोरांसाठी खोली दे."

कोणी होय म्हणालं नाही. ढोल थांबला. तुमचे दादा नारळ धरून जमिनीकडे बघत राहिले. आणि तुम्ही म्हणालात, "उचला पालखी."

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराने वाडीतली सोनूबाई आली. तिची बहिरी नात दोनदा विहिरीवर जाऊन बसली होती, माणसांनी ओढून आणली. मग आणखी दोघी आल्या, आपापल्या पोरांचं सांगायला. पुढच्या दाराने एकही नाही.

मग नीरजाबाईंना आमच्याच माजघरात बसवलं. नितेशने मला बाहेर जा अशी खूण केली आणि दार लावलं. मी पडवीत बसले. मग तो रडायला लागला. त्याला स्वतःचा आवाज कळत नाही, गुरासारखा हंबरतो. लहानपणानंतर मी तो आवाज ऐकला नव्हता. उठले, कडीला हात घातला, आणि परत बसले.

काय बोलला ते बाईंनी सांगितलं नाही. "ते त्याचं आहे, मावशी." अशी तिडीक आली म्हणून सांगू. चहा टाकला, झालं. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, तो या घरात पुन्हा बोलायला बसणार नाही, दुसरीकडे जागा असेल तर येईन म्हणतो. का, ते मी विचारलं नाही. मला कळलं. दाराबाहेर मी असताना तो मोकळा होणार नाही.

तेव्हा आता खोली हवीच. पदर पसरतेय असं समजू नका. त्या समाजमंदिराच्या जोत्याचे चिरे मीही डोक्यावर वाहिलेत. किल्ली केरूकडे आहे आणि तुमचा फोन आल्याशिवाय तो देत नाही. रविवारी पोरं येणार. फोन केला नाहीत तर मी त्यांना घेऊन कुलपासमोर बसेन, आणि जाणारा येणारा विचारील त्याला तुमचं नाव सांगेन. मला आता बोलता येतं.

संस्कृतीचं स्थळ त्यापायी मोडलं तर मोडू दे. माझ्या पोराची ज्यांना लाज वाटते, त्या घरात तिने जाऊच नये.

लीलाला आणि संस्कृतीला आशीर्वाद. तुम्हाला काय लिहायचं ते सुचत नाही.

ज्याला माझ्यापुढे बोलता येत नाही त्या नितेशची आई,
मालन