नऊ वेळा गायलेली अंगाई

३ फेब्रु., सोम.
आम्ही आठवीत होतो. पद्माच्या घरी दुपारी वीज गेली आणि सहाही माग एकदम थांबले. त्या शांततेत पलीकडच्या खोलीतून तिच्या आईचा आवाज आला. पाळण्यातल्या धाकट्याला तेलुगूत अंगाई म्हणत होती. आधीपासूनच म्हणत असणार, आम्हाला ऐकू आली तेव्हा. आम्ही दोघी शाळेच्या युनिफॉर्मवरच भाकरी आणि शेंगाचटणी खात होतो. तोंडात घास असतानाच पद्मा गुणगुणायला लागली. मग वीज आली, माग सुरू झाले. एवढंच. आज दिवसभर तेच समोर.

पद्माचं ऑपरेशन २४ला ठरलं. स्वरयंत्र काढणार. पुढे कदाचित उपकरणानं थोडं बोलता येईल म्हणाले डॉक्टर. गाणं नाही.

ती अंगाई आता तिच्याशिवाय कुणाला येत नाही. मला चाल येते, शब्द नाहीत. तिची लेक सुनीता हैदराबादला, एप्रिलमध्ये बाळ होणार. पद्मा म्हणाली, "सुमे, तुझ्या फोनवर करून टाकू की. दोन मिनिटांचं काम." मीच म्हटलं, छे, फोनवर नको. अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते तो चांगला माइक आहे, कंप्युटर आहे. नीट करू.

५ फेब्रु., बुध.
स. ८ला आली. दहापर्यंतच आवाज बरा असतो. दोनदा गायली. डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ताल. शेवटी हसायला आलं तिला, मग खोकला. किती गोड, किती सरळ.

परत लावून ऐकलं, तर नुसती खरखर. कढईत मोहरी तडतडावी तशी. मधेच शब्द तुटतो, मग धावत येतो.

"तुझा कंप्युटर माझ्यापेक्षा जास्त खोकतोय की," म्हणून हसली, आणि मग खरंच खोकली.

दोन्ही रेकॉर्डिंग पुसली. शनिवारी पुन्हा.

वनिताला फोन. धाकटी जाऊ, मोहोळला डिप्लोमा कॉलेजात शिकवते. गेल्या महिन्यात माझ्या जुन्या मशीनवर तिनंच विंडोज काढून लिनक्स घातलं. तेव्हापासून मी एकही पुस्तक वाचलं नव्हतं, म्हणून बिघाड आज कळला. "अक्का, घाबरू नका हो. उद्या लेक्चर संपलं की करते फोन."

६ फेब्रु., गुरु.
कमांडची काळी खिडकी उघडून व. फोनवर सांगेल ते एकेक अक्षर टाइप केलं. आवाजाची सर्व्हिस बंद करून पुन्हा सुरू.
"आता?"
"आता बरंय गं."
फोन ठेवला. पाच मिनिटं बरं. मग पुन्हा तडतड. लगेच परत फोन करायची लाज वाटली.

८ फेब्रु., शनि.
पद्मा पुन्हा दोनदा गायली. पुन्हा तेच. पुसली.

पाचवीत कॉन्व्हेंटच्या सिस्टर शाईचा एक डाग पडला तरी अख्खं पान फाडायला लावायच्या. पुन्हा पहिल्या ओळीपासून. "स्पॉइल्ट वर्क इज नॉट केप्ट." बिघडलेलं काम ठेवायचं नाही. पन्नास वर्षं झाली, हात तसाच वळलाय. बिघडलेलं मी कंप्युटरच्या कचरापेटीतसुद्धा ठेवत नाही, शिफ्ट दाबून कायमचं काढते.

९ फेब्रु., रवि.
वीज वाचवायला आवाजाचं कार्ड मधेमधे झोपतं म्हणे. ते झोपणं बंद करायचं होतं. फाइलमध्ये कुठंतरी एक अक्षर चुकलं. मशीन सुरू केलं तर आवाजच नाही. तडतडही नाही. व. फोनवर, "वाचून दाखवा... पुन्हा वाचा..." दोन तास. संध्याकाळी आवाज परत आला, खरखरीसकट. हरवलेली पाहुणी भेटावी तसा खरखरीचाही आनंद झाला मला. काय ही दशा.

११ फेब्रु., मंगळ.
आज बफर वाढवला. व.नं छान समजावलं. "आवाज आधी हौदात साठतो, मग नळातून येतो. हौद लहान तर धार तुटते. मोठा केला तर तुटत नाही, पण पाणी उशिरा येतं." चार दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापूरकराला हे कळायला वेळ लागत नाही.

खरखर कमी झाली खरी. पण पद्माच्या कानाला हेडफोन. तिचाच आवाज तिला अर्ध्या सेकंदानं उशिरा ऐकू यायला लागला. दुसऱ्या ओळीला थांबली.

"कोण गं ही? माझ्या मागनं म्हणतीय."

मी हसले. ती नाही हसली. पुढे म्हणता येईना. अर्धंच राहिलं. पुसलं.

१४ फेब्रु., शुक्र.
हौद मध्यम. हेडफोन काढले. दोनदा. दुसऱ्यांदा वरच्या सुरावर आवाज फाटला. ऐकताना खरखर होतीच.

"सुमे, किती वेळा? खरं बाळ असतं तर झोपून उठलं असतं एव्हाना."
"नीट नको का व्हायला?" मी जरा तोडूनच बोलले. कशाला बोलले.
पुसली.

१७ फेब्रु., सोम.
एकदाच गायली. तिसरं कडवं सोडलं, दम पुरेना. खरखर. पुसलं.

दुपारी नेटवर लिनक्सवाल्यांच्या एका चर्चेत इंग्रजीत प्रश्न टाकला. शाळेत शिकवलं तसा, डिअर सर ऑर मॅडम करून. एकानं उत्तर दिलं, कार्डाचा नंबर द्या, अमुक कमांडचं आउटपुट द्या. ती कमांड चालवली. तीन पानं अक्षरं आली. त्यातलं काय द्यायचं हेच समजेना. खिडकी बंद केली.

१९ फेब्रु., बुध.
उद्यापासून गळ्याला ताण नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे आज शेवटचं. दोन कडवी, खालच्या पट्टीत, घोगरं. पाणी पीत पीत.

खरखर आहेच. पण पुसायची सोय उरली नाही. तसंच सुनीताला पाठवलं. लिहिलं, खरखरीबद्दल माफ कर.

२० फेब्रु., गुरु.
सुनीताचा फोन.
"मावशी, मिळालं हं. खरखर म्हणजे कुठली?"
"अगं, तडतडतंय ते सगळं."
"नाही हो. एकदम स्वच्छ आहे. पंख्याचा आवाजसुद्धा येतोय. पण आई इतकी दमलेली का वाटते?"

पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावलं. स्वच्छ. पद्माचा प्रत्येक श्वास मोजता येईल इतकं.

वनिताला सांगितलं. तिनं दोनदा नीट विचारून घेतलं. मग, "अक्का, रेकॉर्डिंगला काही झालंच नव्हतं. बिघाड फक्त वाजवण्यात होता. तुम्ही जुनी पुसलीत का?"
"आठ."
"मशीन बंद करा. आत्ता. वायर काढा. पुसलेलं कधीकधी मिळतं, पण त्या जागेवर नवीन लिहिलं गेलं असलं तर..."
लिहिलंच आहे की. दर वेळी नवीन रेकॉर्डिंग.
"चूक माझीबी हाय हो. दुसरीकडं वाजवून बघा म्हणायचं सुचलंच नाही मला." व. रडवेली झाली की तिची गावची भाषा येते.

पहिल्या दिवसाची ती दोन. किती गोड, किती सरळ, असं माझ्याच हातानं लिहिलंय वर.

२१ फेब्रु., शुक्र.
पद्माकडे गेले. सांगितलं सगळं. मान खाली घालूनच.

ती अगदी हळू, कुजबुजत बोलली. "म्हणजे पहिल्या दिवशी मी चांगली गायले होते?"
"हो."
"मला वाटलं, खरखर माझ्याच गळ्याची. तू आपली मन राखायला कंप्युटरवर ढकलतीयस."

इतके दिवस तिनं असं समजून गायलं. आणि तरी येत राहिली.

मग म्हणाली, "शिव्या नंतर देते. आता डॉक्टरनं बोलू नको म्हटलंय." नंतर! त्या शब्दासरशी तिनं वही ओढली.

वहीत अंगाईचे शब्द तेलुगूत लिहून दिले. वेगळ्या कागदावर मी देवनागरीत उतरवले, ती ओठ हलवून चुका दाखवत गेली.

२३ फेब्रु., रवि.
वनिता आली. मशीनमधली डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. कॉलेजात एक सर आहेत, ते बघतील. चार दिवस लागतील, आठ लागतील. "काय सांगता येत नाही अक्का. तुकडेच मिळतील, असंबी होईल."

जायच्या आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहिलं तिनं. आवाज स्वच्छ आला. खोट कार्डात नव्हती, बसवताना राहिलेल्या एका सेटिंगमध्ये होती. मला बरंही वाटलं नाही, वाईटही नाही.

२४ फेब्रु., सोम., स. ६
निघतेय. पद्माजवळ आठवडाभर दवाखान्यात राहीन. वनिता, या पानाचा फोटो तुला पाठवतेय. डिस्कमधून काही निघालंच तर असं कर.

५ तारखेची दोन्ही सुनीताला. शेवटचं हसणं-खोकणं कापायचं नाही.
११चं अर्धं माझं. ते मला दे.
१४चं, आवाज फाटतो ते, पद्माचं. कुणाला द्यायचं ते ती ठरवेल. तोवर कुणी ऐकू नये.
बाकीची, पूर्ण असोत की तुकडे, सुनीताला. तारखा लिहून.
वहीची देवनागरी प्रत मी सुनीताला पोस्टानं पाठवलीय. तेलुगू मूळ प्रत कपाटात आहे, ती बाळाची.
माइक तू ने. अंध मुलांची दोन पुस्तकं अर्धी राहिलीत, ती तू वाच. दर वेळी फोनवर लावून बघत जा.

काहीच निघालं नाही, तरी मला फोन कर. पद्माला मीच सांगेन. तिला तोंडानं विचारता येणार नाही, म्हणून ती विचारेल याची वाट बघत बसायचं नाही.