मागच्या सतरंजीवर

लिंडी, टांझानिया
१८ जानेवारी २००४

चि. सौ. मीरा हिस विनूताईचे अनेक आशीर्वाद.

पोचले एकदाची. दिवाकरला सांग, तुझ्या बहिणीला सिंहाबिंहानं खाल्लं नाही. इथं बकऱ्याच जास्त. समुद्र आहे, नारळ आहेत, चहाला चायच म्हणतात आणि पोळीला चपाती, त्यामुळे अगदीच परकं वाटत नाही. लहानांनी मोठ्यांना 'शिकामू' म्हणायचं, म्हणजे आपला वाकून नमस्कारच. दिवाकरनं आयुष्यात केले नसतील तेवढे नमस्कार मला इथं एका सकाळी मिळतात.

संस्थेनं मला इथल्या नर्सरीच्या बाईंना मदत करायला पाठवलंय. बाई म्हणजे नेमा, पंचविशीची पोट्टी. एका खोलीत सत्तर-ऐंशी लेकरं, हातात फळ्यावर टेकवायची काठी आणि सकाळपासून एकच घोकंपट्टी. अगं, मला बघवेना! दुसऱ्याच दिवशी मी तिच्या हातातला खडू काढून घेतला, लेकरांना गोल बसवलं आणि टाळ्यांचा खेळ घेतला. माझी भाषा मोडकीतोडकी, पण टाळ्यांना कुठे भाषा लागते? काय खिदळली पोरं! नेमा भिंतीला टेकून बघत होती. छान आहे म्हणाली.

आता बीरगांवच्या माझ्या बालवाडीचं. सरिताला मी हाताशी धरून तयार केली हे खरं, पण बालवाडी पहिल्यांदाच एकटीवर आहे. सोबत तिच्यासाठी सूचना लिहिल्या आहेत, त्या तू स्वतः नेऊन दे. मुख्य म्हणजे जुलैत नवी लेकरं येतील तेव्हा आयांची सतरंजी चुकवायची नाही. आईनं मागं बसायचं, सुपात तांदूळ निवडायचे, तोंडातून शब्द काढायचा नाही. लेकरू मागं वळून पाहायचं थांबलं की आईनं गुपचूप उठून जायचं. इतकी वर्षं हा नियम मी कोणाला मोडू दिला नाही. दर आठवड्याला सूचना पाठवीन.

प्रकृतीला जप. माया आहे तशी ठेव.
तुझी विनूताई


रायपूर
१२ फेब्रुवारी २००४

ती. विनूताईंस सौ. मीराचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. तुमच्या भावानं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि नमस्काराचं वाक्य तेवढं गाळलं. मी मागून वाचलं ना! तुम्ही गेल्यापासून यांच्या चहातली साखर वाढून राहिली. रागवाले कोणी नाही घरात, माझं तर ऐकतच नाहीत.

सूचना घेऊन मी दोनदा बीरगांवले गेली. भनपुरीपर्यंत ट्रकांची अशी रांग की टेम्पोतच माझी एक डुलकी झाली. सरितानं दोन्ही कागद हातात घेतले, वाचले आणि हव दीदी म्हणाली, बस. पहिले किती बडबड करे! मले काही बरं नाही वाटलं. खोदून विचारलं तेव्हा बोलली. रायपूर राजधानी झाल्यापासून इथं गल्लोगल्ली इंग्लिश मीडियम नर्सऱ्या उघडून राहिल्या, माहीत आहे तुम्हाले. त्यातल्या एकीनं तिले बोलावलं आहे. ती जाऊ का नको करून राहिली.

ताई, ती गेली तर बालवाडीले कुलूप. दुसरं कोण आहे? याच सतरंजीवर पोराले घेऊन बसणारी सरिता, तिले तुम्हीच बाई केली. मी सांगून सांगून काय सांगणार तिले? मले चहा आणि चिवडा सोडून काही येत नाही.

एक विचारू? तुम्ही खडू घेतला तेव्हा ती नेमा हसली होती काय?

राग आला तर तोही पाठवा, लोभासोबत चालेल.
तुमची मीरा


लिंडी
७ मार्च २००४

चि. सौ. मीरा हिस आशीर्वाद.

सरिता जाते म्हणजे काय? टाय बांधलेल्या पोरांना एबीसीडी म्हणायला लावायला मी शिकवलं तिला? तिला म्हणावं, मी येईपर्यंत पाऊल बाहेर टाकायचं नाही. सोबत सूचनांचे चार कागद आहेत. गाण्यांचा क्रम, खाऊची वेळ, सगळं लिहिलंय. तिनं फक्त पाहून करायचंय, त्यातही जमत नसेल तर कमाल आहे!

इथं वेगळंच होऊन बसलंय. नेमा यायचीच थांबली. आधी ताप म्हणाली, मग निरोपही नाही. हेडमास्तरांना त्याचं काहीच नाही. ते खूश आहेत, वर्ग माझ्याकडे देऊन मोकळे झाले. लेकरं माझ्यासोबत छान खेळतात. पण मी वर्षअखेर परत जाणार, तेव्हा यांच्याजवळ कोण राहील? संस्थेचे साहेब येऊन गेले. त्यांनी अगदी गोड शब्दांत विचारलं की तुम्हाला बाईंसाठी पाठवलं होतं, बाई कुठे आहेत? मी काही वाईट केलं का गं? मी तर करून दाखवलं, तिचं काम हलकं केलं.

मन लागत नाही. तू उत्तर लवकर धाड.
विनूताई


रायपूर
२ एप्रिल २००४

ती. विनूताईंस सा. न. वि. वि.

आज मी मस्करी नाही करणार. तुम्ही पाण्याचा पेला घेऊन बसा आणि मग वाचा.

तुमचे चार कागद मी सरिताले नाही दिले. डाळीच्या डब्यावर ठेवले आहेत, आल्यावर घेऊन घ्या. काहून नाही दिले, ते सांगते. मागच्या खेपेस मी तिच्या वर्गात जाऊन बसली. ती एक गाणं म्हणे अन् दाराकडे पाहे, पुन्हा म्हणे अन् पुन्हा पाहे. मी विचारलं, कोणी येणार आहे काय? ती म्हणाली की मॅडम समुद्रापार गेल्या तरी मागं उभ्या राहून पाहून राहिल्यासारखंच वाटते, त्यापेक्षा दुसऱ्याची नोकरी बरी. मग पदरानं डोळे पुसून पोरांले पाणी देऊ लागली.

मले तिचं पटलं, ताई. मी लग्न होऊन आली तेव्हा माझी पोळी जरा वाकडी होत होती. तुम्ही हसून माझ्या हातातलं लाटणं घेतलं आणि भराभर लाटून दाखवल्या. मायेनंच घेतलं, मले काय समजत नव्हतं? पण रोजच घेत होत्या तुम्ही. आजही तुम्ही स्वयंपाकघरात आल्या की माझी पोळी फाटते. माझ्या लेकीचं लग्न झालं, तरी फाटते! तुम्ही सुट्टीवर गेल्या की टम्म फुगते. विचारा तुमच्या भावाले.

बीरगांवच्या आयांले तुम्ही एक शब्द बोलू देत नाही. एकीनं पोराच्या हातात रंग धरून दिला तर तिले उठवून बाहेर बसवलं होतं तुम्ही, आठवते? नेमाच्या वर्गात तुमचं सूप कुठे आहे, ताई?

रागावून अबोला नका धरू, तेवढं मागते.
मीरा


लिंडी
२३ मे २००४

चि. सौ. मीरास आशीर्वाद.

अबोला धरला होता, खोटं काहून बोलू? तुझं पत्र फाडून टाकावं असं वाटलं. दोन दिवस पोटात अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी चपाती लाटताना माझी फाटली, आणि मग मी जी रडले ती रडतच बसले. एवढ्या वर्षांत एकदा तरी बोलायचंस गं बाई!

मग नेमाच्या घरी गेले. तिच्या आईनं चाय दिला. मोडक्या भाषेत म्हटलं की वर्ग तुझा आहे, मी घेतला हे चुकलं, परत ये, मी तोंड उघडणार नाही. नेमानं विचारलं की मग तुम्ही तिथं काय करणार? मी म्हटलं, तांदूळ निवडीन. तिच्या आईला हसू आवरेना. मी निघताना तिनं घरातलं सूपच माझ्या हातात दिलं. इथं त्याला उंगो म्हणतात, विणलेलं आणि गोल असतं.

नेमा वर्गावर परत आली, तेव्हापासून मी मागच्या भिंतीशी चटई टाकून बसते. शाळेतल्या दुपारच्या भाताचे तांदूळ निवडते. पहिल्या दिवशी नेमा प्रत्येक वाक्याला माझ्याकडे वळून बघत होती. मी मान वर केली नाही. माझाच टाळ्यांचा खेळ तिनं घेतला आणि मधला क्रम पार उलटा केला. मीरा, जीभ चावून चावून माझी काय दशा झाली म्हणून सांगू! खडे कमी आणि माझेच दात जास्त निघतील असं वाटलं. शाळा सुटल्यावर तिनं काही विचारलं तरच बोलते. आता विचारते, कधीमधी.

सरिताला माझ्याकडून काही सांगू नको. सूचना नाही, निरोप नाही. पण जीव टांगणीला लागलाय गं. ती राहते की जाते एवढंच कळव. ती गेली तर माझी बालवाडी संपली, आणि ती मीच संपवली असं होईल.

तुझ्यावर राग नाही. आशीर्वाद थोडे जास्तच आहेत.
विनूताई


रायपूर
९ जुलै २००४

ती. विनूताईंस शि. सा. न. वि. वि.

पेढे खा! ते नसतील तर नारळ खा. सरिता राहिली. तुमच्या सूचना बंद झाल्यावर तिनं महिनाभर वाट पाहिली म्हणे, मग त्या नर्सरीले जाऊन नाही सांगून आली. मी काहीच सांगतलं नाही, तुमची शपथ.

नव्या लेकरांच्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेली. सदर बाजारातून नवीन सूप घेऊन गेली, जुन्याचा काठ उसवला होता. पाहते तर काय, सतरंजीवर बाप! तुम्ही कधी एक बाप बसू दिला होता काय? सरिता म्हणते, आया सकाळी कारखान्यात जातात, बाप रात्रपाळी करून घरी येतात, तर बसतील बापच. मोठाले मिशाळ गडी मांडी घालून तांदूळ निवडून राहिले. एक तर सूप मांडीवर घेऊन घोरायलेच लागला. त्याची पोट्टी उठली, त्याच्या तोंडावर रुमाल टाकला आणि परत खेळाले गेली. हसून हसून माझं पोट दुखलं.

मी सरिताले विचारलं, विनूताईंले हे चालेल काय? ती म्हणाली, नाही चाललं तर मी त्यांले समजावीन. आणि ताई, असं म्हणताना तिनं दाराकडे पाहिलं नाही.

एक गोष्ट लपवत नाही. तुमच्या खुर्चीवर तिनं पाण्याचा माठ ठेवला आहे. पोरांच्या हाताले बरोबर येते म्हणे. मले पहिले कसंसंच झालं. उचलाले सांगू काय?

जीव लावला आहे, तो सांभाळा.
तुमची मीरा


लिंडी
१ ऑगस्ट २००४

चि. सौ. मीरास अनेक आशीर्वाद.

माठ उचलू नको. तिथंच राहू दे.

बाप ही गोष्ट मला सुचायला हवी होती. नाही सुचली. सरिताला सुचली, आणि मला इतका आनंद झाला की मी नेमाला मोडक्यातोडक्या भाषेत सगळं सांगितलं. घोरणाऱ्या बापाची नक्कलसुद्धा करून दाखवली.

काल सकाळी नेमा लेकरांना घेऊन पावसाचं गाणं म्हणत होती. तिचंच, मला न येणारं. खोलीभर बोटं वाजत होती. मी तांदूळ निवडत वाट बघत होते की आता वळेल, मग वळेल. शाळा सुटली, लेकरं गेली, तिनं फळा पुसला. सबंध सकाळ ती एकदाही वळली नाही. मीरा, मी उंगोत तोंड घालून रडले. आयांना मी इतक्या सहज उठवत होते, त्यांना काय होत असेल हे मला तेव्हा कळलं.

संस्थेला लिहिलंय की इथलं माझं काम झालं, मुदतीआधी सोडा. दसऱ्यापर्यंत पोचेन. बीरगांवला जाईन ती सरितानं बोलावलं तरच.

आणि घरी आल्यावर पहिल्या दिवशी पोळ्या तू लाट. मी मागं बसून तांदूळ निवडीन. तू मात्र वळून बघू नकोस गं.

तुझी विनूताई