पहिल्या पाचांत आरोही

नाशिक,
१३ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इगतपुरीत कडाक्याची थंडी पडली असेल. वहिनीने तुझी कानटोपी बाहेर काढली का? मी मजेत आहे. गुडघा जिना चढताना कुरकुरतो, एरवी गप्प असतो. फोन सोडून पत्र का, असं तू विचारशीलच. फोनवर तू माझं निम्मं ऐकतोस आणि उरलेलं स्वतःच बोलतोस, म्हणून.

यंदा आमचे कोच मनोज सर यांनी बास्केटबॉल संघातल्या नव्या पोरी माझ्या ताब्यात दिल्यात. स्वतः खेळायचं आणि त्यांना तयारही करायचं. त्यातली आरोही दिंडोरीची, घरची द्राक्षबाग आहे. उंची बेताची, पण पाय असे की ती कुठून निघून गेली ते समोरच्याला कळत नाही. पावसाळ्यात ती आली तेव्हा मात्र मी कपाळावर हात मारून घेतला होता. सरावात मी बॉल घेऊन तिच्या अंगावर चालून गेले, तर बाईसाहेब चक्क बाजूला सरकल्या. पाहुण्यांना दारात वाट द्यावी तशी मला वाट दिली.

"अगं, हिसकावायचा ना!"

"ताई, तुमच्या हातातून कसा घ्यायचा? बरं नाय दिसत ते."

आता हिला काय म्हणावं? मोठ्यांसमोर खुर्चीत न बसणारी पोर ती. मी फर्मान काढलं. कोर्टवर ताई नाही, अहो-जाहो नाही, नुसतं चंदा म्हणायचं. जी ताई म्हणेल तिने मैदानाला फेऱ्या मारायच्या. दादा, गणपती गेले, नवरात्र संपलं, बाकीच्या पोरी मला बिनधास्त चंदा म्हणू लागल्या, आणि ही आपली फेऱ्याच मारतेय. दम वाढला, तेवढा फायदा.

दिवाळीची सुट्टी संपवून आलो, त्यानंतरची गोष्ट. मी बास्केटकडे निघाले होते. कानाशी आवाज आला, "चंदा, सोड." मी वळेपर्यंत बॉल गेला होता आणि पलीकडे तिने बास्केटही केली होती. मग जीभ चावून, दोन्ही कान धरून उभी राहिली. मी म्हटलं, कान सोड आणि परत घे. तिने परत घेतला. मला इतका आनंद झाला की सगळ्या पोरींना मिसळ खाऊ घातली, तिला तर्री जास्त.

तेव्हापासून ती रोज घेतेय. मी मुद्दाम सोडत नाही रे. मला आता तिला अडवता येत नाही.

सोमवारी सरांनी मला बाजूला घेतलं. "पहिल्या मॅचला सुरुवातीच्या पाचांत गार्डच्या जागी कोण उतरेल, चंदा? तू की आरोही? तू म्हणशील तसं करू." माझा मान ठेवला त्यांनी. मी माझं नाव घेतलं असतं तरी कुणी हूं की चूं केलं नसतं, इतकी वर्षं ती जागा माझीच आहे. मी आरोहीचं नाव सांगितलं. मग रिक्षात बसून पंचवटी येईपर्यंत रडले. रिक्षावाला बिचारा आरशातून बघत राहिला.

वहिनी सांगत होती, तेवीस तारखेच्या या मॅचसाठी तू रजा टाकलीयेस आणि रेल्वे शेडमधल्या मित्रांना बहिणीचा खेळ दाखवायला आणणार आहेस. आजवर मॅच तरी परगावी, नाहीतर तुझी ड्यूटी आडवी. आता जमतंय, तर मी बाकावर. हे कळल्यावर तू रजा रद्द करशील या भीतीने इतकं पाल्हाळ लावलं. मला वाईट वाटलंय, ते तुझ्यापासून कशाला लपवू? पण त्याहून जास्त अभिमान वाटतोय. एवढी तयार पोरगी मी आजवर कुणाच्या हाताखालून निघालेली पाहिली नाही, आणि ती माझ्या हाताखालून निघालीय.

म्हणून तू ये. मित्रांनाही आण. रेल्वेच्या ग्राउंडवर उजवा खांदा दाखवून डावीकडून निसटायला तू मला शिकवलं होतंस. तेवीस तारखेला आरोही तशी निसटेल तेव्हा शेजारच्याला खुशाल सांग, हे आमच्या घरचं आहे.

ताठ मानेने,
तुझी धाकटी
चंद्रभागा